सव्वीस घाणे

माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलेलं नाही आणि स्वतः शिकायला गेले तेव्हाही मागच्या बाकावरच बसत होते. पण बटाट्याच्या कापांवर शिंपडायची पूड किती खारट, किती आंबट असावी हे त्या कारखान्यात शेवटी तेच ठरवतात, म्हणून मास्तर. मीही घरात मास्तरच म्हणते. माझ्या तोंडून तो शब्द जरा वेगळा ऐकू येतो, असं आमच्या धाकटीचं म्हणणं आहे.

बावीस वर्षं झाली त्यांना त्या खात्यात. तिथे एक भलंमोठं लोखंडी पिंप आडवं फिरत असतं, त्यात तळलेले काप गरागरा उलटेपालटे होतात आणि वरून पूड पडते. दर अर्ध्या तासाला मास्तर त्यातले सहा काप उचलतात. आधी कोमट पाण्याने चूळ भरायची, मग डोळे मिटायचे, मग पहिला काप दाढेखाली धरून आवाज ऐकायचा. चव त्यानंतर. नवीन पूड निघाली की एका खोलीत बारा माणसं बसवतात, प्रत्येकासमोर वाटी. मास्तर कुणाला विचारत नाहीत की कसं लागतंय. माणसं खोटं बोलतात म्हणे, भिडेखातर. ते फक्त हात बघत बसतात. हात वाटीत जायचा थांबला की पूड नापास.

लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला हे सगळं अगदी रंगात येऊन सांगितलं होतं. मी तेवीस वर्षांची होते. मला वाटलं, काय बारीक लक्ष आहे या माणसाचं. असंच लक्ष आपल्याकडेही असेल. असो.

मी शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करते. दुकान माझं नाही, पण कात्री आणि माप माझ्या हातात असतं. मुलं लांबीला वाढतात म्हणून पँटच्या खाली मी चार बोटं दुमड ठेवते आणि वर्षअखेरीला ती सोडते. आमचा थोरला पंधरा वर्षांचा. त्याची दुमड तशीच राहिली आणि कमरेची शिवण मात्र मी एका वर्षात तीनदा उसवली. तिसऱ्यांदा उसवताना माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं, कारण मी जास्तीचं कापड सोडलं होतं आणि ते पुरलं याचाच मला आनंद झाला.

मग शाळेत तपासणी झाली आणि चिठ्ठी घरी आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा, दर वेळी पाच मिनिटं शांत बसवून, त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे अडतीस. पंधराव्या वर्षी. त्यांनी विचारलं, घरात कुणाला रक्तदाब आहे का. मास्तरांनी शाळेत चूक कबूल करावी तसा हात वर केला. ते चौतिसाव्या वर्षापासून रोज सकाळी गोळी घेतात. बाई म्हणाल्या, दोन महिने देते. पाकिटातलं सगळं बंद करा, मधल्या वेळचं घरी करून घाला, मीठ कमी. तेवढ्यात आकडा उतरला नाही तर याचीही गोळी सुरू करावी लागेल, आणि एकदा सुरू झालेली कधी सुटेल ते मी आज सांगू शकत नाही.

बाहेर आल्यावर मी एकटीच बोलत होते आणि घर येईपर्यंत बोलत होते.

आमच्या घरात पाकिटं विकत आणावी लागत नाहीत, हे खरं दुखणं. कारखान्यातून दर शनिवारी तुटक्या कापांची पिशवी मिळते. त्या सगळ्या पिशव्या मी शोधून काढल्या. कपाटावर दोन, पलंगाखाली एक, थोरल्याच्या दप्तरात अर्धी, आणि धाकटीने हिवाळ्याच्या कपड्यांत गुंडाळून ठेवलेली एक. तेरा वर्षांच्या मुलीला एवढी अक्कल अभ्यासात का वापरता येत नाही, हे मला कळत नाही.

पहिला आठवडा मी माझ्या परीने केलं. गाजराचे तुकडे, उकडलेले हरभरे, दह्यात कालवलेली काकडी. दुकानातून धापा टाकत घरी यायचं, हे सगळं चिरायचं, मांडायचं, आणि दोघांची तोंडं बघायची. धाकटीने तिसऱ्या दिवशी विचारलं की ही शिक्षा कशाची आहे ते तरी सांग. थोरला गरीब, तो दोन तुकडे खायचा, पोट भरलं म्हणायचा आणि उठायचा. सातव्या दिवशी मी भांडी आपटली. तेव्हा मास्तर म्हणाले, "तू सर. हे माझं काम आहे."

मी सरले. ती माझी चूक.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर चारला पाळी सुटल्याबरोबर घरी. हे आमच्या घरात नवीन होतं. एरवी रात्रपाळीच्या माणसांना पूड समजावून दिल्याशिवाय त्यांचा तिथून पाय निघत नसे. मुलांना ते आठच्या आधी दिसायचेच नाहीत. आता पाच वाजता हा माणूस माझ्या ओट्याशी उभा. बटाटे नकोत म्हणाले, बीट आणि गाजर घेऊ, ओव्हनमध्ये भाजू, तेल एकच चमचा. माझा केकचा वजनकाटा त्यांनी घेतला, चहाची गाळणी पूड चाळायला घेतली, ब्रश तेल लावायला घेतला. मी माझ्याच स्वयंपाकघरात परवानगी मागून पाणी पिऊ लागले.

पहिला घाणा निघाला तो चपलेच्या तळव्यासारखा. रंगही तसाच. मास्तरांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, आवाजच नाही. मला तर चावताना माझ्याच जबड्याचा आवाज येत होता. पण ते खचले नाहीत. एक शंभर पानी वही काढली, घाण्याला नंबर दिला आणि खाली लिहिलं, बीट, वीस मिनिटं, मीठ नाही.

त्यांची पद्धत अशी. एका घाण्यात एकच गोष्ट बदलायची. साडेपाचला मुलांसमोर वाट्या ठेवायच्या, समोर खुर्ची ओढून बसायचं आणि हात बघायचे. थोरल्याचा हात, धाकटीचा हात. वहीत लिहायचं: पाचव्यावर थांबला. तिने हुंगून ठेवला. मग उद्याच्या घाण्यात काय चिमूटभर वाढवायचं ते ठरवायचं. मी म्हटलं, "अहो, पोरं आहेत ती, तुमची बारा माणसं नाहीत." ते म्हणाले, जीभ सगळ्यांची सारखीच.

पूड सगळीकडे सारखी लागावी म्हणून पिंप हवं होतं. त्यासाठी त्यांनी माझा पिठाचा मोठा डबा रिकामा केला. आत काप घालायचे, झाकण कापडाने बांधायचं आणि डबा जमिनीवर आडवा करून दोन मुलांनी दोन टोकांना बसून पायाने एकमेकांकडे ढकलायचा. चाळीस फेऱ्या, मास्तर मोजणार. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी वर येऊन विचारलं की तुम्ही घर बदलताय का. तिसऱ्या दिवशी ती विचारायला आली नाही, तिने खालून छताला काठी मारली. आणि आत डबा गडगडतोय, धाकटी खिदळतेय, थोरला फेऱ्या मोजण्यात बापाला चुकवतोय. मी शिलाई मशीनवर बसून डोकं धरत होते. दोन दुमडी त्या गडबडीत मी उलट्या घातल्या.

सहाव्या घाण्यात चिमूटभर मीठ आलं. बाईंनी कमी म्हटलंय, बंद नाही म्हटलेलं, असं मास्तरांनी मला समजावलं. नवव्यात लिंबाची आंबट पूड, आणि ती आंबट फार बोचते म्हणून दहाव्यात थोडी साखर. साखर आली की खारटपणा दबतो, म्हणून अकराव्यात पुन्हा मीठ. चौदाव्याला तेल दोन चमचे झालं, कारण पूड कोरड्या कापाला चिकटत नाही. सतराव्यात टोमॅटोची आणि लसणाची पूड. विसाव्यात बीट गेलं आणि बटाटा आला, कारण बिटाला कितीही भाजा, आवाज येत नाही. प्रत्येक वेळी एकच चिमूट. चिमटीला कोण नाही म्हणणार? मीही म्हटलं नाही. घरातून पाकीट हद्दपार झालं होतं, मुलं घरचं खात होती, नवरा पाच वाजता घरी होता. दुकानात मी दोन-तीन आयांना ऐटीत सांगितलंसुद्धा की आमच्याकडे बाहेरचं काही येत नाही, सगळं त्यांचे वडील करतात. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, म्हणून आता जास्त राग येतो.

सव्विसाव्या घाण्याला थोरल्याची वाटी रिकामी झाली. त्याने तळाची पूड बोटाने पुसून घेतली आणि दुसरी वाटी मागितली. मास्तर खुर्चीत मागे रेलले. वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं: थांबला नाही. खाली दोन रेघा. त्यानंतर घाणा बदलला नाही. पुढचे तीन आठवडे रोज तोच, रोज दोन वाट्या, कधी अडीच.

दोन महिने झाले. आम्ही तिघं बाईंकडे गेलो तेव्हा मास्तरांनी वही बगलेत धरली होती. त्यांना वाटत होतं ती दाखवायला लागेल आणि बाई पाठ थोपटतील. थोरल्याच्या दंडाला पट्टा लागला, सुटला, पुन्हा लागला. बाईंनी तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकशे शेहेचाळीस.

पाकीट खातो का, असं त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, एकसुद्धा नाही. मी शपथेवर सांगितलं, एकसुद्धा नाही. मग मधल्या वेळी काय खातो? मास्तरांनी वही उघडली आणि सव्विसावा घाणा वाचून दाखवला, वजनासकट. त्यांच्या आवाजात अजूनही थोडा तोरा होता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, शंभर ग्रॅमला मीठ किती पडतं?

"एक पूर्णांक आठ," मास्तर म्हणाले. या माणसाला आकडा विचारला की तो सांगतो. आपण काय सांगतोय ते त्याला मागाहून कळतं.

मी विचारलं, "आणि तुमच्या कारखान्याच्या पाकिटात?"

ते वहीची पानं उलटू लागले. मी पुन्हा विचारलं. थोरला त्यांच्याकडे बघत होता, बाईही बघत होत्या. शेवटी ते वहीकडे बघून म्हणाले, "एक पूर्णांक सहा. त्याच्यावर जाऊ देत नाहीत. पाकिटावर छापावं लागतं."

घरी कोण छापतंय! माझ्या नवऱ्याने भाजलेल्या बिटापासून सुरुवात केली, माझा वजनकाटा, माझी गाळणी, माझा डबा वापरला, खालच्या शिक्षिकेची झोप उडवली, आणि सव्वीस घाणे घालून माझ्या ओट्यावर तोच कारखाना उभा केला. वर दोन चिमटी जास्तच. आणि घरचं म्हणून मी ते त्याला दोन-दोन वाट्या खाऊ दिलं.

बाईंनी गोळीचं नाव लिहिलं होतं. मग त्यांनी तो कागद तसाच पॅडमध्ये दुमडून ठेवला. आणखी एक महिना देते, म्हणाल्या. शेवटचा. फळ, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, आणि घरात कुणी प्रयोग करायचे नाहीत.

पुढच्या महिन्यात आकडा एकशे तीसवर आला आणि तो कागद फाटला, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

त्या दिवशी घरी येऊन मी मास्तरांना जे बोलायचं ते बोलले. बावीस वर्षं तुम्ही हात थांबू नये म्हणून पगार घेता, हा हात कुणाचा आहे ते तरी बघायचं होतं. ते ऐकत उभे राहिले. त्यांच्यावर ओरडूनही माझं पोट भरेना, म्हणून मी थोरल्याकडे वळले. बाईंनी काय सांगितलं ते तुलाही ऐकू आलं होतं. तुझ्या जिवाशी गाठ आहे. दोन-दोन वाट्या रिचवताना तुला एवढंही कळलं नाही का?

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला भूक नसायची."

मग कशाला खात होतास, असं मी विचारलं.

"मी थांबलो की बाबांचं तोंड एवढंसं व्हायचं. वहीत लिहायचे आणि उठून आत जायचे. खात असलो की बसायचे." मग म्हणाला, "शेवटी शेवटी मळमळायचं."

मास्तरांनी वही टेबलावर ठेवली होती ती उचलली, पुन्हा ठेवली आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता. मला रडू आलं ते रागाचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही. दोन महिने मी दोन हातांच्या अंतरावर मशीन चालवत त्याच खोलीत बसले होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, इथे तरी माणूस ताळ्यावर आला असेल. छे. मास्तरांनी एक रात्र विचार केला आणि निष्कर्ष काढला की आपण समोर बसतो म्हणून मुलगा खातो, तर आपण समोर असताच कामा नये. लगेच दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आठ वाजता घरी. मी विचारलं तर म्हणाले, त्याच्या भल्यासाठीच. दोन कापांतला चिमूटभर मिठाचा फरक या माणसाच्या जिभेला कळतो आणि पोटच्या पोराने सरळ शब्दांत सांगितलेलं कळत नाही. मी हात टेकले.

थोरला साडेपाचला बसायचा. मूठभर शेंगदाणे, सफरचंदाच्या फोडी. आठ-दहा दाणे खायचा, दोन फोडी, बास. तेव्हा माझं सगळं लक्ष त्याने किती खाल्लं यावरच असायचं आणि मी खूश व्हायचे. समोरची खुर्ची त्याने एकदाही टेबलाखाली सरकवली नाही. धाकटीने ती बाजूला घेतली तर तो तिच्यावर खेकसला. मला वाटलं, मीठ सुटल्यामुळे चिडचिड होत असेल.

रविवारी मास्तरांना सुट्टी. आता कारखाना नाही म्हटल्यावर ते साडेपाचच्या सुमाराला वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र होतं ते. मी मशीनवर एका गणवेशाची बाही बसवत होते. थोरल्याने वाटी समोर घेतली, सात-आठ दाणे खाल्ले, एक फोड खाल्ली. उरलेल्यावर ताटली झाकली. उठला, आतल्या खोलीपाशी गेला, दार ढकललं आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "माझं खाऊन झालं. आता बसायला या."

आतून वर्तमानपत्र सळसळलं. मी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं.

मास्तर बाहेर आले. खुर्चीवर बसले. समोर वाटी नाही, हातात वही नाही, तेव्हा हातांचं काय करायचं हे त्यांना समजेना. त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले, मग टेबलावर. थोरला समोर बसला. पाच-दहा मिनिटं झाली, तरी उठलं कुणीच नाही.